आमच्या वाटचा धूर

६ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तू तिकडे धडधाकट आहेस असं धरून चालतो, कारण तसं धरलं नाही तर मला जेवण जात नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस की या वर्षी घरी येणं जमायचं नाही. तुझ्या सहल कंपनीत आता प्रत्येकाला वर्षाचा धुराचा वाटा ठरवून दिला आहे आणि तुझा वाटा आधीच ठरलेल्या कामाच्या विमानफेऱ्यांतच संपतो. मी हो हो म्हणालो. फोनवर मला काही सुचत नाही, तुला माहीत आहे. एका कानात तू आणि दुसऱ्या कानाशी तुझी आई, काय म्हणते, काय म्हणते करत. फोन खाली ठेवला की बोलायचं सगळं रांगेने आठवतं. म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट तुला सांगायची नाही असं आईने बजावलं आहे, तेव्हा ती आधी सांगतो. तिच्या पोटात दुखतं ते पित्त नाही. डॉक्टरांनी आतला फोटो काढला, पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन ठरवलं आहे. डॉक्टर म्हणाले, अगदी लहानसं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना काय, त्यांना सगळंच लहान वाटतं. तुझ्या वेळेला सोडून तुझी आई कधी दवाखान्यात राहिलेली नाही, हे त्यांना कुठे माहीत.

दुसरी गोष्ट वाट्याची. त्यावर मी बराच विचार केला आहे. माझं शिक्षण तुझ्याएवढं नाही, पण वाटा म्हणजे काय ते मला कळतं. शेताचा वाटा दुसऱ्याला देता येतो, घराचा देता येतो, ताटातला तर मी तुला रोजच देत होतो. मग धुराचाच का देता येऊ नये? मी जन्मात विमानात बसलेलो नाही. तुझी आईही नाही. आम्हा दोघांचा वाटा पहिल्या दिवसापासून तसाच पडून आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. त्यातला लागेल तेवढा तू घे आणि मार्चच्या आधी निघ. उरला तर परत जायला होईल. साहेबांना माझा नमस्कार सांगून एवढं विचार.

आपल्या लॉजच्या चारही खोल्या भरलेल्या आहेत. तुझ्या कंपनीचे पाहुणे आपल्याकडे उतरतात, तेव्हा तिच्या माणसांनी अट घातली म्हणून गच्चीवर उन्हावर पाणी तापवायची टाकी बसवून घेतली. ती मला पटलेली नाही. ढग आले की ती रुसते.

लोभ आहेच. काळजी माझ्याकडे राहू दे, तू नुसती ये.

तुझे बाबा

०

१९ जानेवारी

ती. बाबांना नमस्कार, आईला मिठी.

तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. आईला आधी माझ्या वतीने रागवा. पित्त म्हणून मला किती महिने फसवलं तिने. नंतर तिला तिखट तेलकट खाऊ देऊ नका, आणि ती गुपचूप खाईल तेव्हा तुम्ही तिच्यात सामील होऊ नका.

आता वाट्याचं. बाबा, तो तसा नसतो. इथल्या सरकारने कायदा केला आहे की प्रवासाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने आपण हवेत किती धूर सोडतो ते मोजायचं आणि दर वर्षी कमी करून दाखवायचं. नाही केलं तर परवाना जातो. म्हणून आम्ही जवळच्या सहलींतली विमानं काढून टाकली आणि लोकांना रेल्वेने नेतो. म्हणूनच तुमच्या गच्चीवर ती रुसकी टाकी आली. आणि म्हणूनच नोकरांच्या विमानफेऱ्यांवर, घरी जायच्या फेरीसकट, मर्यादा आली. घरच्या फेरीचं तिकीट कंपनी देते, त्यामुळे तिचा धूरही कंपनीच्याच नावावर पडतो. तो हिशेब कंपनीचा आहे, माणसांचा नाही. तुमचा न वापरलेला वाटा त्यात कुठे घालायलाच जागा नाही.

आणि एक सांगते, ते नीट ऐका. कंपनीच्या धुराचा हिशेब माझ्याकडे असतो, तेव्हा हा नोकरांचा नियम मीच लिहिला आहे. आमच्याकडे सहलींबरोबर जाणारा एक गाइड आहे, लंबू म्हणतात त्याला. मागच्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. त्याने विमान मागितलं आणि मी नाही म्हणाले. तो रेल्वेने गेला. पोचला तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलत होते. परत आल्यावर त्याने रोजच्यासारखा माझ्यापुढे चहा आणून ठेवला. जिवावरच्या दुखण्याला नियमात सवलत आहे. आईचं दुखणं तसलं नाही, यासारखा आनंद नाही, आणि त्या आनंदानेच माझी वाट अडवली आहे. मी आता विमानात बसले तर त्या चहाकडे कुठल्या तोंडाने बघू?

स्वतःच्या पैशाने बसता येईल, असं आई म्हणेल. येईल. पण लंबूलाही येत होतं, मीच त्याला सांगितलं होतं की पैशाचा प्रश्न नाही.

रेल्वे आणि बोटीने यावं तर जाण्यायेण्यातच सगळी रजा संपते. घरात पाऊल ठेवायचं आणि उलटं फिरायचं. तरी काही निघतं का बघते.

तुमचीच,
भिंगरी

०

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद, आईचेही यातच आहेत, ती वेगळे पाठवणार नाही म्हणते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. निम्मं समजलं, निम्मं समजून घेतलं. लंबूचं वाचून वाईट वाटलं. तू केलंस ते बरोबर केलंस की नाही हे मला सांगता येणार नाही, पण त्याला एकदा आपल्याकडे घेऊन ये, आई त्याला जेवायला घालेल.

मला वाटतं, तुमच्या कंपनीला खात्री पटत नसणार. बरोबर आहे. कोणीही उठून सांगेल की माझा वाटा शिल्लक आहे. म्हणून मी शिल्लक डोळ्यांनी दिसेल असं केलं आहे. स्कूटरवर चादर घातली, आता सगळीकडे पायी जातो. गुडघ्यांनी तक्रार केली, त्यांना म्हटलं थोडे दिवस. लॉजचा विजेचा बॉयलर बंद केला. टाकीचं पाणी दुपारी छान तापतं, तेव्हा पाहुण्यांना आंघोळ दुपारी करायला सांगतो. जिन्यातला दिवा काढला. चादरींना इस्त्री करत नाही, घडी घालून गादीखाली ठेवतो, झोपणाऱ्याच्या वजनानेच इस्त्री होते. चहा सगळ्यांना एकदम, एकाच पातेल्यात, ज्याला झोपायचं असेल त्याने चहा घेऊन पुन्हा झोपावं. स्टेशनवरून पाहुणे टॅक्सीने येत होते, आता मी हातगाडी घेऊन जातो. सामान गाडीवर, माणसं चालत. रस्ता उताराचा आहे. जाताना चढ लागेल, पण जाताना माणसाला घाई नसते.

परवा एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई आल्या. बाई जरा कुरकुरल्या. मी त्यांना समजावून सांगितलं की थोडे दिवस कळ काढा, माझ्या मुलीला यायचं आहे. मास्तर चष्मा पुसत माझ्याकडे बघत राहिले. शिकलेला माणूस, त्यांना लगेच पटलं.

तुझी आई म्हणते, उद्यापासून श्वासही अर्धाच सोडा. तिला चेष्टा सुचते. दुखायला लागलं की भिंतीकडे तोंड करून निजते आणि मी खोलीत गेलो की घोरल्याचं नाटक करते. तिला घोरता येत नाही, इतक्या वर्षांत मला ते ठाऊक नसेल?

पोस्टातल्या बाबूंना विचारलं, धुराचा वाटा मुलीच्या नावावर करायचा काही अर्ज असतो का. ते म्हणाले, अजून ऐकला नाही, पण हल्ली काय सांगावं, असेलही. तोवर मी साध्या कागदावर लिहून सही करून सोबत पाठवत आहे. आईनेही सही केली, हसत हसत केली, पण केली.

ऑपरेशनला महिना राहिला. मला दवाखान्याचा वास सहन होत नाही, एवढंच. बाकी सगळं ठीक.

तुझे बाबा

०

१८ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार.

आधी बॉयलर चालू करा. मग पुढे वाचा.

जिन्यातला दिवा लावा, कोणी पडलं तर कायदा तुम्हाला वाचवणार नाही. तुम्ही वाचवलेला धूर मी हिशेबनीस म्हणून मोजून पाहिला. त्यात विमान धावपट्टीवरून हलतसुद्धा नाही. पण तो कागद माझ्या पाकिटात आहे आणि कोणाला देणार नाही.

मला हे सगळं तुमचं पत्र यायच्या आधीच कळलं होतं. तुमच्या मास्तरांनी कंपनीला लिहिलं. आमच्याकडे पाहुण्यांची पत्रं सगळ्यांसमोर वाचतात. हातगाडी, गादीखालच्या चादरी, सगळं सांगून त्यांनी लिहिलं होतं की गार पाण्याची तक्रार करायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, तक्रार राहू द्या, आधी एवढं विचारा की त्या गृहस्थांची मुलगी आली का.

खोलीत कोणालाच कळेना. मला सांगावं लागलं. ती मुलगी मी, तुमचा शिल्लक वाटा, सगळं. लोक आधी पोट धरून हसले. मग कोणी हसेना. आमच्या मालकीणबाई कडक आहेत, त्यांनी मला तिथेच विचारलं की विमान हवं का, त्या सही करायला तयार आहेत. मी नको म्हणाले. लंबू कोपऱ्यात होता. तो म्हणाला, "विमान नको असेल, पण हिला दिवस तर द्या." इतकंच. नंतर तो समजावत बसला की तो त्या लग्नाला रेल्वेमुळे उशिरा पोचला नाही, रजा तोकडी होती म्हणून उशिरा निघाला होता. हे मला कधी सुचलंच नव्हतं, बाबा. मी धूर मोजला आणि दिवस मोजायचे विसरले.

तर आता नवा नियम झाला आहे. जो विमान सोडून रेल्वे-बोटीने घरी जाईल, त्याचे प्रवासाचे दिवस रजेत धरायचे नाहीत. पहिली मी. वाट लंबूने आखून दिली, कुठल्या गाडीत कुठल्या बाजूला बसायचं इथपर्यंत.

फक्त एक आहे. हातातली सहल संपवून मार्चच्या अखेरीस निघेन, म्हणजे ऑपरेशन होऊन गेलेलं असेल. डॉक्टर म्हणतील ती तारीख पाळा, माझ्यासाठी थांबू नका. मी आल्यावर आईचं पथ्य सांभाळीन.

तुमचीच,
भिंगरी

०

२७ फेब्रुवारी

भिंगरी, तुला माझा गालगुच्चा.

हे पत्र तुझे बाबा पाहुण्यांना आणायला गेलेत तेवढ्यात लिहिते. हो, अजून हातगाडीच. बॉयलर लावला, दिवा लावला, पण हातगाडी सोडत नाहीत. पाहुण्यांना ती आवडायला लागली आहे, फोटो काढतात. हे फोटोत अगदी ताठ उभे राहतात.

मी डॉक्टरांकडे एकटी जाऊन आले. विचारलं, खडे एवढे महिने थांबले ते आणखी थोडे थांबतील का. ते म्हणाले, पथ्य पाळलं तर थांबतील, दुखणं वाढलं तर मात्र लगेच यायचं. एप्रिलचा तिसरा आठवडा दिला आहे. तुझ्यासाठी बदललं असं समजू नकोस. माझं काय, मला गुंगी देणार, मी झोपून जाईन.

मागच्या आठवड्यात रक्त तपासायला गेलो होतो. सुई माझ्या हातात गेली आणि आडवं यांना करावं लागलं. नर्सने यांनाच पेशंट समजून पट्टा बांधला, मी खुर्चीवर बसून यांना वारा घातला. घरी येताना म्हणाले, बाहेर फार उकडत होतं. तुला लिहितात की वास सहन होत नाही. वासाचं काही नाही गं. त्या बाकावर एकटं बसायचं आहे, त्याची भीती आहे. ऑपरेशन माझं, पण हात धरायला माणूस त्यांना हवं आहे.

तुझी वाट जिथे जिथे थांबते तिथले पत्ते त्यांना पाठव. तू विमानात बसलीस की ते आकाशाकडे बघत बसतात आणि काही करता येत नाही. वाटेत पत्ते असले तर काळजीला काम मिळेल.

मी दुधी खाते आहे. रोज. तू आल्यावर याचा बदला घेईन.

आई

०

२२ मार्च
बंदराच्या गावी, लॉजच्या पत्त्यावर

चि. भिंगरीस, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे पुरतील इतके आशीर्वाद.

तू पाठवलेल्या पत्त्यांतला हा पहिला. हे पत्र तुझ्याआधी पोचायला हवं म्हणून आजच टाकतो. लॉजच्या मालकीणबाईंना वेगळी चिठ्ठी लिहिली आहे की आमची मुलगी उंच आहे, बोलते भराभर, आणि जेवायला विसरते. त्याही आपल्याच धंद्यातल्या, समजून घेतील.

बोटीवर कठड्याला टेकू नकोस. पोटात ढवळलं तर लिंबू हुंगावं असं एक पाहुणा म्हणाला, तो दोनदा बोटीने गेलेला आहे. मी खालच्या खोलीत मोठा नकाशा लावला आहे. नकाशात समुद्र निळा आणि गरीब दिसतो, पण नकाशा काढणारा कोरड्यात बसलेला असतो. बोट बुडत नाही ना, असं मी लंबूला विचारलं तर चालेल का? त्याचा पत्ता कळव. नको, राहू दे, त्याला वाईट वाटेल.

तुझ्या आईने ऑपरेशन पुढे ढकललं आणि मला नंतर सांगितलं. मी रागावलो. रागावून झाल्यावर फार बरं वाटलं.

तुझे बाबा

०

५ एप्रिल
गाडीतून

ती. बाबांना हलत्या अक्षरातला नमस्कार.

बोट बुडाली नाही. बंदरातल्या मालकीणबाईंनी मला दारातच ओळखलं, दोनदा वाढलं, आणि पान स्वच्छ झाल्यावरच तुमचं पत्र हातात दिलं. म्हणाल्या, तुमच्या वडिलांचा तसा हुकूम आहे.

मी इतकी वर्षं लोकांना ही वाट विकते आणि आज पहिल्यांदा तिच्यावरून जाते आहे. आमच्या कागदांवर ही रेघ होती. इथे रेघेवर माणसं राहतात. एका गावात स्टेशनासमोर जुनी खानावळ पुन्हा उघडली आहे, रेल्वेचे प्रवासी वाढले म्हणून. त्याच गावात एक टॅक्सीवाला भेटला. तो विमानतळावर उभा राहायचा, आता तिथे कोणी उतरत नाही. तुम्ही लोक कागदावर लिहिता आणि आम्ही वाचेपर्यंत गिऱ्हाईक गेलेलं असतं, असं तो म्हणाला. मी कोण ते त्याला सांगितलं. त्याने माझी बॅग गाडीत टाकली आणि सगळा रस्ता मला सुनावलं. ऐकून घेतलं. परत गेल्यावर लिहायच्या गोष्टींत त्याचं नाव पहिलं आहे.

लंबूने सांगितलेल्या बाजूला बसले आहे. नदी बरोबर चालली आहे.

आई बरी आहे ना? खरं लिहा. पुढचा मुक्काम जंक्शनवर, तिथून रात्रभराची गाडी आणि मग घर.

तुमचीच,
भिंगरी

०

१० एप्रिल
जंक्शनवरच्या विश्रामगृहात, मुक्कामाला येणाऱ्या मुलीस

चि. भिंगरीस आशीर्वाद.

आई बरी आहे. खरं लिहायला सांगितलंस म्हणून खरं लिहितो. परवा जरा दुखलं, गोळीने थांबलं. आता चादरी मोजते आहे आणि मी पत्रात काय लिहितो म्हणून मान लांब करते आहे.

त्या टॅक्सीवाल्याचं वाचलं. आपल्या स्टेशनवरच्या टॅक्सीवाल्याचंही गिऱ्हाईक मी हातगाडीने पळवत होतो, हे मला तुझं पत्र वाचेपर्यंत कळलं नव्हतं. काल त्याच्याकडे गेलो. आता असं ठरलं आहे की म्हातारी माणसं आणि दुखरे गुडघे त्याचे, तरुण आणि सामान माझं. तो म्हणाला, मग तुम्हालाही मलाच न्यावं लागेल.

नकाशावर मी रोज सकाळी तुझी टाचणी पुढे सरकवतो. पाहुणे चहा पिता पिता विचारतात, आज कुठे आली. विमानाने तू यायचीस तेव्हा एकदम यायचीस. आदल्या दिवशी नसायचीस आणि दुसऱ्या दिवशी दारात. मला सावरायला वेळच मिळायचा नाही, आणि जायचीसही तशीच. आता रोज थोडी थोडी येते आहेस. तुझी आई म्हणते, हिचं येणं एवढे दिवस चाललंय, खरी येईल तेव्हा शिळी झालेली असेल. म्हणते, पण टाचणी सरकवायला माझ्याआधी उठते.

एक सांगायचं राहिलं. दवाखान्याच्या वासाचं मी लिहीत होतो ते तितकंसं खरं नाही. मला भीती वाटते. ऑपरेशनच्या दिवशी तू आईजवळ बसू नकोस, तिच्याजवळ डॉक्टर असतील, नर्स असतील. तू माझ्याजवळ बस. बोलायचं काही नाही, नुसतं बस.

हे लिहून झालं आणि वाटलं, उद्यासाठी आणखी एक लिहून ठेवावं. पाकीट घेतलं, तुझं नाव घातलं, आणि थांबलो. नकाशावर बोट फिरवून बघितलं. पत्ता कुठला घालावा कळेना. मध्ये आता गावच उरलेलं नाही.

तुझे बाबा